वाचकांचे प्रश्न : ओपेथचा ग्राउल, ट्यूनिंग आणि नवा अल्बम

प्रश्न : ओपेथ या स्वीडिश मेटल बँडच्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ अल्बममध्ये ग्राउल (घशातून काढलेला खोल, गुरगुरता आवाज) आहे म्हणून आनंद झाला, पण त्यांच्या जुन्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ अल्बमची मजा काही सापडेना. ओपेथ ग्राउलवर चालणाऱ्या डेथ मेटलकडे परतला की नाही? (नाशिक)

उत्तर : नाही परतला, आणि आमच्या मते हीच या अल्बमची ताकद आहे. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर स्टुडिओ अल्बममधला ग्राउल थांबला. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून २०१९ च्या ‘इन कॉडा व्हेनेनम’पर्यंतचे चारही अल्बम सत्तरच्या दशकातल्या प्रॉग रॉकच्या, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकच्या, वाटेने गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या अल्बमने ती वाट सोडलेली नाही. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड), तंतुवाद्यं, मधेच तुटून वळणारे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे), सगळं तिथलंच आहे. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनचं निवेदन आणि बासरीसुद्धा यात आहे.

फरक ग्राउलच्या कामात पडला. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका श्रीमंत बापाचं मृत्युपत्र वाचलं जातंय आणि वारस ऐकताहेत, अशी कथा आहे. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसती कलमाची खूण आणि आकडा. ग्राउल ऐकू येतो तो बहुतेक त्या मेलेल्या बापाचा. त्यामुळे तो रिफच्या अंगाने न येता वाक्याच्या अंगाने येतो, दोन ओळींत संपतो आणि लगेच साधा आवाज सुरू होतो. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये एकच रिफ मिनिटभर घोळवून अंगावर आणायला जागा होती. इथे एकही गाणं आठ मिनिटांपर्यंत जात नाही, आणि प्रत्येकात कल्पना खच्चून भरल्या आहेत. पहिल्या ऐकण्यात ‘काही सापडेना’ होतं ते यामुळे. गाण्याचे शब्द समोर ठेवून पहिलं ते चौथं कलम सलग ऐका. वॉल्टेरी वायरिनेनच्या ड्रम्सकडे लक्ष द्या; ताल कुठे मोडतो ते कळलं की गाणं उलगडतं. शेवटच्या ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’मध्ये ग्राउल अजिबात नाही. ते सुटं ऐकू नका, त्यातल्या पत्राने आधीची सगळी वाटणी उलटी होते.

‘२०११ मध्ये बँड अचानक बदलला’ ही तक्रारही आम्हाला पटत नाही. २००३ चा ‘डॅम्नेशन’ संपूर्ण ग्राउलविना होता. शिवाय गायक मिकाएल ऑकरफेल्टने मधल्या वर्षांत मंचावर जुनी गाणी ग्राउलसकट गायली. हा बँड २०१९ मध्ये पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवालाही येऊन गेला.

प्रश्न : नव्याने ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? (कोल्हापूर)

उत्तर : ‘डॅम्नेशन’, मग ‘घोस्ट रेव्हरीज’, मग हा नवा. ‘ऑर्किड’ आणि ‘मॉर्निंगराइज’ हे सुरुवातीचे अल्बम त्यानंतर ऐका.

प्रश्न : ओपेथचं ‘घोस्ट ऑफ पर्डिशन’ गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवतो, पण सुरुवातीचे कॉर्ड जुळत नाहीत. (ठाणे)

उत्तर : ते गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाहीच. जाड तारेपासून डी, ए, डी, एफ, ए, ई असं लावा. म्हणजे सहावी, तिसरी आणि दुसरी तार प्रत्येकी दोन सेमीटोन खाली. बाकी तीन आहेत तशाच. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की डी मायनरमध्ये ई मिसळलेला तो उदास रंग लगेच ऐकू येईल. प्रत्येक तार आधी हव्या सुराच्या किंचित खाली न्या आणि मग चढवत सुरावर आणा, नाहीतर वाजवताना उतरत राहते.

०९–४२ चा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट असेल तर सहावी तार सैल पडून फ्रेटवर खणखणते. १०–५२ घ्या. तिसरी तार एफवर फार ढिली होते आणि बोट जोरात दाबलं की सूर चढतो. ०१८ ची तार लावा किंवा हात हलका ठेवा. गिटारला तरंगता ब्रिज (तारा धरणारा, स्प्रिंगांवर तोललेला भाग) असेल तर खरी कटकट तिथे आहे. तीन तारांचा ताण घटला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज आत ओढतात आणि न हात लावलेल्या तारा चढतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडे थोडे सैल करा, ब्रिज पुन्हा समांतर आणा, मग सहाही तारा दोन-तीन फेऱ्यांत लावा. एका गाण्यासाठी इतका खटाटोप करण्यापेक्षा पक्क्या ब्रिजची गिटार वापरलेली बरी.

प्रश्न : ग्राउल शिकतोय. दहा मिनिटांत घसा बसतो. (डोंबिवली)

उत्तर : तुम्ही स्वरतंतूंवर जोर देऊन ओरडता आहात. ग्राउलचा खरखरीतपणा मुख्यतः त्यांच्या वरच्या मांसल घड्यांच्या कंपनातून येतो. आधी पाच-दहा मिनिटं साध्या आवाजात गुणगुणून घसा गरम करा. मग पोटातून श्वास घेऊन, थकल्यावर निघतो तसा लांब उसासा सोडा आणि त्यात हळूहळू खरखर मिसळा. आवाज बोलण्याइतकाच ठेवा, मोठेपणा माइकवर सोडा. माइकची जाळी मुठीत झाकू नका. शब्द गढूळ होतात आणि शिट्टी वाजते. सुरुवातीला दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. टोचलं किंवा दुखलं की त्या दिवशी थांबा, आणि बसलेला घसा दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.