डोकं 'उठतं' की 'दुखतं'?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय: 'आमच्या घरात सगळे "डोकं उठलंय" म्हणतात. पुण्याहून आलेली सून म्हणते, "दुखतंय" म्हणा. त्यात डॉक्टर म्हणाले, मेंदू दुखतच नसतो. मग दुखतं तरी काय, आणि म्हणायचं काय?'

'डोकं उठणे' चांगलं खणखणीत मराठी आहे. कळ उठते, पोटशूळ उठतो, अंगावर पित्त उठतं, तसंच डोकं उठतं. 'कपाळ उठलं' तर पांढरपेशा घरांतही चालतं. छटा मात्र वेगळी. 'उठलं'मध्ये वैताग मिसळलेला असतो. तापात डोकं दुखतं. गल्लीत रात्री अकराला डीजे लागला की उठतं. सुनेनेही 'उठलं' म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरांचंही बरोबर आहे. मेंदूच्या स्वतःच्या पेशींमध्ये वेदना टिपणारे तंतू नसतात, म्हणून तर रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवरच्या काही शस्त्रक्रिया करता येतात. दुखतं ते भोवतालचं: मेंदूवरची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कपाळाचे, कानशिलांचे, मानेचे स्नायू. घोटाळा 'डोकं' या शब्दामुळे झालाय. 'जरा डोकं चालव' म्हणताना आपण बुद्धीबद्दल बोलतो, 'डोकं दुखतंय' म्हणताना मानेवरच्या अवयवाबद्दल. मेंदू दुखतो असं मराठीने कधी म्हटलेलंच नाही.

मला या प्रश्नात खरी गंमत वाटते ती क्रियापदांची. डोकं ठणकतं, जड होतं, गच्च होतं, भणभणतं, चढतं. कानशिलात सणक जाते. ही नुसती शब्दांची हौस नव्हे. 'ठणकतंय' म्हणणारा नाडीच्या ठोक्यागणिक येणारी कळ सांगत असतो, आणि अर्धशिशीत बहुधा तशीच कळ येते. पूर्वी तिचा सगळा दोष फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर टाकत. आता चेहरा आणि कपाळाची संवेदना नेणाऱ्या मोठ्या चेतेकडे, म्हणजे मज्जातंतूकडे, आणि तिच्या टोकांशी सुटणाऱ्या रसायनांकडे बोट दाखवतात. 'गच्च झालंय, कुणी आवळून बांधल्यासारखं' ही तक्रार वेगळी. ती ताणाच्या डोकेदुखीची, आणि सगळ्यात जास्त आढळते तीच.

आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसतात. मान आखडते आणि दुखतं कपाळ! याला कारण आहे. मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या चेता आणि कपाळाची चेता मेंदूच्या देठाशी एकाच ठिकाणी निरोप पोचवतात, त्यामुळे निरोप नेमका कुठून आला याची गल्लत होते. अशा बाईने 'मान धरली आणि डोस्कं उठलं' असं एका दमात सांगितलं, तर तिने कारणासकट सांगितलं असं समजावं.

'अर्धशिशी'तली शिशी बाटलीची नव्हे, हेही सांगून टाकतो. शब्द 'अर्धशीर्ष'वरून आलाय. 'मायग्रेन'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'अर्धी कवटी' असाच आहे. दुखणं मात्र अर्ध्याची मर्यादा पाळतंच असं नाही, काहींचं दोन्हीकडे ठणकतं. सुश्रुताने शिरोरोगांचे 11 प्रकार सांगितले, त्यांत 'अर्धावभेदक' म्हणजे आपली अर्धशिशी आहे आणि 'सूर्यावर्त'ही. सूर्यावर्त म्हणजे सूर्य वर येईल तसं वाढणारं आणि तो कलला की उतरणारं दुखणं. 'ऊन चढेल तसं डोकं चढतंय' असं मे महिन्यात सोलापूरच्या बाळीवेशीत कुणी म्हणालं, तर त्याने सुश्रुत वाचलेला नसेल, पण वर्णन तेच आहे.

त्रासदायक माणसाला किंवा कामाला आपण 'डोकेदुखी' म्हणतो. सोलापुरात शेजारच्या घरातून कन्नड 'तलेनोवु' किंवा तेलुगू 'तलनोप्पि' कानावर पडेल. दोन्हींत डोकं अधिक दुखणं हीच जोडणी, आणि लाक्षणिक वापरही तोच. लिहिताना 'डोकेदुखी' एकत्र लिहावं आणि स्त्रीलिंगी ठेवावं: 'ही नळाच्या पाण्याची डोकेदुखी'. दवाखान्यात मात्र या नामावर थांबू नका; ठणकतंय, गच्च झालंय की सणक मारतेय, ते क्रियापद सांगा.