गोळी बंद केल्यावर जळजळ दुप्पट: मीही इथेच फसलो होतो

'गोळी सोडली आणि चौथ्या दिवशी घशापर्यंत आग, म्हणजे आता जन्मभर गोळीच का?' हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझे जुने दिवस आठवले. तिखट-तेलकट टाळा, रात्री लवकर जेवा हे तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल, ते सोडतो. आठवड्यातून एकदा तरी छातीत जळजळणारे प्रौढ जगभरात साधारण 13-14 टक्के आहेत, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नसतो.

मी सहा महिने रोज पँटोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, घेत होतो. एंडोस्कोपी स्वच्छ आली, त्या आनंदात गोळ्यांची पट्टी त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकली. चौथ्या रात्री दोन वाजता आंबट पाणी नाकापर्यंत, ठसका, मग पलंगाच्या कडेवर बसून उजाडायची वाट. एका झटक्यात बंद केली, हीच माझी घोडचूक. आम्ल दाबलेलं असताना शरीर गॅस्ट्रिन (आम्ल बनवायला सांगणारं हार्मोन) वाढवत राहतं. गोळी गेली की काही आठवडे आम्ल उसळतं. 2009 च्या एका प्रयोगात कधीच जळजळ नसलेल्या लोकांना 8 आठवडे अशीच गोळी देऊन थांबवली, तर त्यांतल्याही बऱ्याच जणांना त्रास सुरू झाला. म्हणजे ही उसळी मूळ दुखणं परतल्याचा पुरावा असेलच असं नाही.

पण ज्या दवाखान्यात परत गेलो तिथे दोन मिनिटांत निकाल: 'बघा, गोळी लागतेच तुम्हाला.' डोस दुप्पट! गोळी कधी घेता, हे एकानेही विचारलं नाही. मी ती जेवून, झोपताना घेत होतो. जेवणाने जठरातले जे आम्लपंप (आम्ल सोडणारी यंत्रणा) चालू होतात त्यांनाच ती अडवते, म्हणून जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची. हे मला वर्षाने एका औषधविक्रेत्याने सांगितलं. अजून चीड येते.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी डोस निम्मा, मग एक दिवसाआड, असं करत सहा आठवड्यांत सुटली. मधल्या रात्री अँटासिडच्या घोटावर काढल्या. मी डॉक्टर नाही. अन्ननलिकेला जखमा किंवा बॅरेट (सततच्या आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसोबत पोट सांभाळायला गोळी दिली असेल, तर स्वतःहून हात लावू नका.

उशांची चळत लावत असाल तर काढा, त्याने पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15-20 सेंटिमीटरचे ठोकळे द्या आणि डाव्या कुशीवर झोपा. आणि कॉफीला शिव्या घालण्याआधी गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक चालू आहे का ते बघा. माझा खरा चोर तोच निघाला.

गिळताना अडकणं, काळी शी, वजन उतरणं यातलं काही असेल तर इथे विचारत बसू नका, तपासणी करून घ्या. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर थेट इमर्जन्सी.

तुमची गोळी किती मिलिग्रॅमची, किती महिने घेतलीत आणि जेवणाआधी की नंतर, तेवढं लिहा.