पट्टा, पत्रा आणि मांडीवरचं मूल: धडकेविषयी वाचकांचे प्रश्न

अपघात झालेल्या गाड्या तपासणं हे माझं काम. गाडी किती वेगात होती, ब्रेक कधी लागला, पट्टा लावला होता की नव्हता, हे चेपलेल्या पत्र्यावरून आणि टायरच्या खुणांवरून काढायचं. त्यामुळे प्रश्न खूप येतात आणि फिरून फिरून तेच येतात. त्यातल्या निम्म्यांच्या शेवटी ‘असं आमचा मेकॅनिक म्हणाला’ हे असतंच. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

ट्रक आणि स्कूटरची टक्कर झाली तर ट्रकच जास्त बल लावतो ना? क्लासमध्ये यावरून वाद झाला. (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

नाही. दोघांवरचं बल सारखंच, फक्त उलट दिशेला. न्यूटनचा तिसरा नियम वाहनाचा आकार बघत नाही. तेवढ्याच बलाने दहा टनांच्या ट्रकचा वेग जेमतेम बदलतो आणि स्कूटरवाल्याचा पार पालटतो, तो न्यूटनच्याच दुसऱ्या नियमामुळे: बल तेच असेल, तर वजन जितकं कमी तितका वेग जास्त बदलतो. बाकी शंका सरांना विचारा, आणि मोठ्या वाहनांपासून लांब राहा.

दोन गाड्या समोरासमोर प्रत्येकी ५० च्या वेगाने धडकल्या, तर ते १०० च्या वेगाने भिंतीवर आदळण्यासारखंच ना?

नाही. वजनं सारखी असतील तर प्रत्येक गाडीला ती धडक ५० च्या वेगाने भक्कम भिंतीवर आदळल्याइतकीच बसते. एकूण ऊर्जा दुप्पट असते हे खरं, पण ती जिरवायला पत्राही दोन गाड्यांचा असतो. समोरची गाडी तुमच्यापेक्षा बरीच जड असेल, तर मात्र तुमचा वाटा वाढतो.

५० ची धडक किरकोळ समजू नका. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. हा वेग उंचावरून पडून गाठायचा, तर सुमारे १० मीटर पडावं लागेल. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कोणी सहज उडी मारत नाही.

साठऐवजी ऐंशीने गेलं तर असा काय फरक पडतो? वीसच तर जास्त. (सातारा)

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साठचा वर्ग ३६००, ऐंशीचा ६४००. वेग एक तृतीयांशाने वाढला, ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त. दोन गाड्यांनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक मारले, तर साठची गाडी जिथे उभी राहते, तिथून ऐंशीची गाडी अजून ५३ च्या वेगाने पुढे जात असते. मधे कोणी रस्ता ओलांडत असेल, तर त्याच्या दृष्टीने तुमचा ‘वीसच’ म्हणजे हे ५३.

वडिलांची जुनी गाडी लोखंडासारखी मजबूत आहे. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा बोटाने दाबला तरी चेपतो. मग सुरक्षित कोणती?

हल्लीची. पत्रा चेपतो ही तक्रार नव्हे, ते त्याचं काम आहे. माणसाला मारतं ते एकाएकी थांबणं. गाडीचं नाक अर्धा-पाऊण मीटर दुमडलं, तर थांबायला तेवढं अंतर मिळतं आणि बल तेवढं कमी होतं. माणसं बसतात तो भाग मात्र कडक हवा. ही कल्पना बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याची, १९५०च्या दशकातली.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. जुनी गाडी चांगली ऐसपैस आणि जाड पत्र्याची. तिची माणसं बसायची जागाच आत आली, स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर. नवीतल्या पुतळ्याला गंभीर इजा नव्हती. वडिलांची गाडी जपा, लग्नात फुलं लावून मिरवा, पण रोज हायवेला नेऊ नका. नवी घेताना भारत एनसीएपी या धडक-चाचणीत गाडीला मिळालेले तारे बघा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे होते. सेल्समनने सांगितलेल्या ‘मजबुती’पेक्षा तिचा निकाल केव्हाही बरा.

माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. चाइल्ड सीटमध्ये बसवली की रडून गोंधळ घालते. मी पुढे बसून तिला मांडीवर घट्ट धरते, मिस्टर गाडी हळू चालवतात. गावातल्या गावात चालेल ना? (नाशिक)

चालणार नाही. या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देऊन भागत नाही, हे मला अनुभवाने कळलंय, म्हणून आज सविस्तर सांगतो.

मुलीचं वजन १० किलो धरू. ‘हळू’ म्हणजे ५०. गाडी कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. गाडी थांबली, मुलगी नाही. ती अजून ५० च्या वेगातच आहे. तिला तुमच्याबरोबर थांबवायला तुमच्या हातांना साधारण १४० किलोंचा भार पेलावा लागेल. ही सरासरी झाली, मधल्या क्षणी त्याहून जास्त. पन्नास किलोंची जवळजवळ तीन तांदळाची पोती, तीही बेसावध असताना, पापणी लवायच्या आत. हे कुठल्याही आईला जमत नाही, बापाला जमत नाही, तालमीतल्या पैलवानालाही जमत नाही. ‘मी घट्ट धरते’ हे प्रत्येक जण मनापासून सांगतो. हात सुटतातच.

अशा गाड्या मी पाहिल्यात. चालकाशेजारच्या बाजूला, डॅशबोर्डच्या जेमतेम वीतभर वर काचेला गोल तडा असतो. मोठ्या माणसाचं डोकं एवढं खाली लागत नाही. तो तडा दिसला की फॉर्म भरायच्या आधी मी विचारतो, गाडीत मूल होतं का? उत्तर देणारा बहुतेक वेळा खाली बघतो.

आता पळवाटा. ‘मी पट्टा दोघींना मिळून लावते’: मग धडकेत तुमचं ६० किलोंचं शरीर मुलीला पट्ट्यावर दाबतं. ‘पट्टाच लावत नाही’: मग तेच शरीर तिला डॅशबोर्डवर दाबतं. ‘समोर एअरबॅग आहे’: ती सेकंदाच्या काही शतांश भागांत, ताशी तीनशेच्या आसपास वेगाने फुगते. पट्टा लावलेल्या, मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी ती बनवलेली आहे, मांडीवरच्या मुलाच्या डोक्यासाठी नाही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली चाइल्ड सीट तर कधीच लावायची नाही. आणि ‘गावातल्या गावात’: धडकेला हद्द कळत नाही, गल्लीतून कोणीही कसाही बाहेर येतो.

मुलीची जागा मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्ये. या वयात तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. मागे तोंड असेल तर पुढून बसणारा धक्का पूर्ण पाठीवर पसरतो. बाजारात ‘बेबी सेफ्टी बेल्ट’, ‘ट्रॅव्हल कुशन’ अशा नावांनी कापड आणि स्पंज विकतात. चित्रातलं बाळ हसरं असतं, धडकेत मात्र त्यांचा उपयोग शून्य. सीटवर एआयएस ०७२ किंवा युरोपच्या आर ४४, आर १२९ या मानकांची मोहोर बघा. नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, घेऊ नका. मुलीचं वजन-उंची बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि बसवून घ्यायला गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, कारण चांगली सीटही सैल बसवलेली असते.

रडण्याचं म्हणाल तर पहिले दहा-पंधरा दिवस रडेल. रडू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजाराचा दंड आहे, पण दंडाच्या भीतीने करायची ही गोष्ट नव्हे.

आणि स्कूटरवर मूल पुढे उभं करणाऱ्यांनीही हे वाचावं. धडकेत तुमची छाती मागून आणि हँडल पुढून, मधे ते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट लागतं, वेग चाळीसपेक्षा जास्त चालत नाही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. रस्त्यावर किती जण पाळताना दिसतात, तुम्हीच बघा.

सहावा महिना चालू आहे. पोटावर पट्टा आवळला तर बाळाला त्रास होईल, असं सासूबाई म्हणतात.

पट्टा लावाच. खालची पट्टी पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून. वरची छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. किरकोळ धक्का बसला, काही दुखत नसलं, तरी त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनाही बरोबर न्या.

मागे बसल्यावर पट्ट्याची काय गरज? समोर मऊ सीट असते. आणि पट्ट्याचा अलार्म बंद करणारी क्लिप ऑनलाइन मिळते, ती चालते का?

मऊ सीटवर तुम्ही पुढच्या माणसासकट आदळता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी होती.

क्लिपबद्दल: २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ही क्लिप विक्रीतून काढायला लावली. काही विक्रेते ती बाटली उघडायचं साधन किंवा लायटर म्हणून विकत होते. विकणाऱ्यालाच खरं नाव सांगायची लाज वाटते, तर घेणाऱ्याने काय समजायचं? आणि ‘अपघातानंतर पट्टा लावला होता असं सांगू’ हेही विसरा. जोराच्या धडकेत पट्टा वरच्या कडीतून घासत जातो, तिथे विणीवर वितळल्यासारखी चकाकी येते. लावलेला नसेल तर ती नसते. मी सगळ्यात आधी तेच बघतो.

बंपरपुढे लोखंडी बुल गार्ड बसवला तर गाडी वाचेल का?

बंपर वाचेल, तुम्ही नाही. चेपायचा भाग चेपू न देता गार्ड धक्का थेट चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज बिघडवतो आणि पादचाऱ्याची हाडं मोडतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलंय. दुकानदार हे सांगत नाही, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर सांगतो. बसवला असेल तर काढा आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं. ट्रकवाले वर्षानुवर्षं हेच करतात. (खोपोली)

करतात, म्हणूनच पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सारखा बातम्यांत असतो.

वीस टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला येताना साधारण पाचशे मीटर खाली उतरतो. त्या उंचीची ऊर्जा म्हणजे तोच ट्रक साठच्या वेगात असताना जितकी गतिज ऊर्जा असते, तिच्या सुमारे पस्तीस पट. गिअर काढलात की ही जवळजवळ सगळी ब्रेकना उष्णता म्हणून पचवावी लागते, म्हणजे साठवरून पस्तीस वेळा लागोपाठ पूर्ण थांबण्यासारखं. लायनर तापून पकड सोडतात, मग पाय कितीही दाबा. गिअरमध्ये असलं की इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. वर आजच्या इंजिनांत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन तोडलंच जातं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतं. म्हणजे बचतही नाही. उतारावर जळका वास येत असेल, तर सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक दाखवल्याशिवाय निघू नका.

चार दिवसांपूर्वी बाइकवरून पडलो. हेल्मेट महागाचं आहे, वर फक्त ओरखडा आलाय. वापरत राहू का? तेव्हापासून डोकं थोडं दुखतं, पण मुका मार आहे, जाईल.

हेल्मेटचं नंतर. आधी आजच डॉक्टरांकडे जा, न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये गेलात तर उत्तम. कवटी थांबली तरी आतला मेंदू क्षणभर हलत राहतो, आणि आतला रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो. उलटी, गुंगी, बोलताना अडखळणं, यांतलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. चार दिवस का थांबलात, ते तिथे विचारतीलच.

हेल्मेट बदला. काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा थर, आणि तो एकदाच दबतो. पडलेली हेल्मेटं मी करवतीने कापून पाहिलीत: वरचा रंग शाबूत आणि आत तीन-चार मिलिमीटरचा खळगा. त्या जागी पुन्हा आपटलात, तर दबायला काही उरलेलं नसतं. नवं आयएसआयचंच घ्या, जून २०२१ पासून दुसरं विकायला परवानगीच नाही. फुटपाथवर तो शिक्का स्टिकर म्हणून मिळतो, म्हणून परवाना क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर तपासा.

दोन महिने झाले, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला आहे. सर्व्हिसिंग दिवाळीनंतर आहे. तोवर चालेल?

नाही. दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच असं कोणी सांगू शकत नाही. उद्या सकाळी अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. आणि गल्लीतला कोणी ‘दिवा बंद करून देतो’ म्हणाला, तर त्याच्याकडे गाडी सोडू नका.