सोप्रानो लिहू की मेझो? आवाजाचा प्रकार ठरवताना काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचं शिक्षण संपत आलंय. एक शिक्षक तुम्हाला लिरिक सोप्रानो (सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज, लिरिक हा त्यातला मृदू प्रकार) म्हणतात, दुसऱ्या बाई मेझो-सोप्रानो (त्याच्या खालचा आवाज). वरचा 'सी' (सोप्रानोच्या टोकाचा उंच स्वर) लागतो, पण आवाजाचा पोत गडद आहे. मग ऑडिशनच्या अर्जात काय लिहायचं, आणि व्यावसायिक गायक हे ठरवतात तरी कसं?

मी ऑपेरा गायकांकडून पियानोवर भूमिका बसवून घेते आणि ऑडिशनला त्यांना साथ करते. हा पेच घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि बहुतेकांची सुरुवात 'माझा वरचा स्वर कुठपर्यंत जातो' इथूनच होते. त्यावरून फारसं काही ठरत नाही. मेझोची सगळ्यांत गाजलेली भूमिका कारमेन, बिझेच्या त्याच नावाच्या ऑपेराची नायिका. 'सेगिदिया' या गाण्याच्या शेवटी तीही वरच्या 'बी'ला जाते. उलट मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधली सुझाना सोप्रानो, पण चौथ्या अंकातल्या तिच्या आरियात (एकटीने गायच्या गाण्यात) मधल्या 'सी'च्याही खालचा 'ए' आहे. दोन गायिकांचा पल्ला अगदी सारखा असू शकतो आणि तरी त्यांच्या भूमिका वेगळ्या असू शकतात.

पाहायचं ते हे की तुमचा आवाज मुक्काम कुठे करतो. एखाद्या भूमिकेतले बहुतांश स्वर ज्या टापूत असतात त्याला तेस्सितुरा म्हणतात. वरचा 'सी' एकदा लागणं निराळं, आणि तीन तासांच्या ऑपेरात पुन्हा पुन्हा वरच्या 'ई', 'एफ', 'जी'वर शब्द स्पष्ट ठेवून, माइकशिवाय, वाद्यवृंदाच्या वरून गाणं निराळं. शिवाय ऑपेरात पट्टी आपल्या सोयीने बदलता येत नाही. थोडे अपवाद सोडले तर रचना ज्या पट्टीत लिहिली आहे त्याच पट्टीत गावी लागते. म्हणून तर आवाजांच्या या नावांना एवढं महत्त्व आलं.

ही नावं निसर्गाने दिलेली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोझार्टच्या १७८७ च्या 'डॉन जोव्हान्नी'मधले जोव्हान्नी, लेपोरेल्लो आणि माझेत्तो हे सगळे त्या काळी 'बास'च (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) होते; बास आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) यांच्या मधला बॅरिटोन हा वेगळा कप्पा एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. नाट्यगृहं मोठी झाली, वाद्यवृंद फुगला, संगीतकार विशिष्ट आवाज डोळ्यांसमोर ठेवून लिहू लागले, तसे कप्पे वाढत गेले. फ्रेंचांनी तर गायकांचीच नावं आवाजांना दिली: द्युगाझों, बॅरिटोन-मार्तां, फाल्कन.

त्यातली फाल्कन नेमकी तुमच्या प्रश्नातली गायिका आहे. कोर्नेली फाल्कन १८३२ मध्ये पॅरिस ऑपेरात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा अठरा वर्षांची होती. सोप्रानोची उंची आणि मेझोचा गडदपणा तिच्या आवाजात एकत्र होता. मायरबेअरच्या 'ले ह्युगनो'मधली वालांतीन १८३६ मध्ये पहिल्यांदा तिनेच गायली. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, प्रयोग चालू असताना तिचा आवाज रंगमंचावरच गेला. नंतर परत येण्याचे प्रयत्न झाले, पण तो आवाज काही परत आला नाही. कारणांबद्दल तज्ज्ञ आजही वाद घालतात. इतक्या लहान वयात एवढ्या जड भूमिका हे त्यातलं एक कारण सांगितलं जातं. दोन प्रकारांच्या मधल्या आवाजाला आजही 'फाल्कन' म्हणतात. मधला आवाज असणं हा दोष नाही, पण अशा आवाजाला दोन्ही बाजूंनी मागणी येते आणि घाईने 'हो' म्हणण्याचा मोह होतो.

आता करिअरच्या दृष्टीने. जर्मन भाषिक देशांत 'फाख' नावाची पद्धत आहे. तिथल्या अनेक नाट्यगृहांत गायकांना हंगामभराच्या करारावर ठेवतात, आणि तुमचा फाख कोणता यावर तुमच्याकडून कोणत्या भूमिकांची अपेक्षा करायची हे ठरतं. सूब्रेट (हलका, चपळ), लिरिक, कोलोरातुरा (वेगवान तानांचा), ड्रामॅटिक (जड, दमदार) अशी बारीक विभागणी त्यासाठीच आहे. म्हणजे हे नाव नेमणाऱ्याच्या सोयीचं आहे, तसं तुमच्या रक्षणाचंही. लिरिक म्हणून घेतलेल्या मुलीच्या गळ्यात उद्या वाग्नरच्या जड भूमिका मारता येऊ नयेत, हा त्याचा चांगला भाग.

नाव बदलताही येतं. लाउरित्झ मेल्खिओर १९१३ मध्ये बॅरिटोन म्हणून रंगमंचावर आला, पुन्हा शिकला, १९१८ मध्ये टेनर म्हणून उभा राहिला आणि वाग्नरच्या भूमिकांचा तो त्याच्या काळातला सर्वांत मोठा टेनर ठरला. कार्लो बेर्गोन्झीचंही तसंच: १९४८ मध्ये बॅरिटोन, १९५१ मध्ये टेनर. क्रिस्टा लुडविग मला याहून जास्त शिकवून जाते. तिने स्वतःला मेझो म्हणवून घेतलं, सोप्रानोची लेओनोरेही (बीथोवनच्या 'फिडेलिओ'ची नायिका) गायली, पण वाग्नरची इझोल्ड रंगमंचावर कधीच केली नाही. मोठमोठ्या वाद्यवृंद-संचालकांनी आग्रह केला तरीही. काय गायचं नाही हे ठरवण्याची तिची ताकद मला तिच्या आवाजाइतकीच मोठी वाटते.

तुम्ही आज काय करून पाहाल? लिरिक सोप्रानोची एक आरिया घ्या, समजा 'कारमेन'मधल्या मिकाएलाची, आणि मेझोची एक, 'कोसी फान तुत्ते'मधल्या डोराबेल्लाची. दोन्ही नीट बसवा. मग दिवसभर रियाझ झाल्यावर, दमलेल्या गळ्याने, दोन्ही लागोपाठ गा. ताज्या गळ्याने सगळंच जमतं. दुसऱ्या दिवशी बोलताना आवाज बसलाय का ते बघा. आवाज कूस बदलतो ती जागा, पासाज्जो, सोप्रानोत साधारण वरच्या 'एफ' किंवा 'एफ शार्प'ला आणि मेझोत किंचित खाली असते. फरक इतका बारीक आहे की निव्वळ त्यावर निकाल देणाऱ्या शिक्षकांवर मी विसंबत नाही, पण इतर खुणांच्या जोडीला तो उपयोगी पडतो.

रंगावर भाळू नका. तरुण मुली आवाज मुद्दाम गडद करतात, जीभ मागे ओढून, आणि मग ऐकणाऱ्याला मेझोचा भास होतो. तुमच्या दोन शिक्षकांचं मत वेगळं पडण्यामागे हे कारण असू शकतं. छोट्या खोलीत आवाजाचा आकारही कळत नाही. सभागृह मिळवा, पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि ऐकणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवा. मेझोच्या जागांसाठी स्पर्धा कमी असते म्हणून मेझो व्हायचं, हा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या. दोन हंगामांत गळा त्याची किंमत मागतो. मात्र भूमिकांचा स्वभाव जरूर पाहा: मेझोला पुरुषवेशातली तरुण मुलं, आया, चेटकिणी पुष्कळ मिळतात, आणि त्या मनापासून आवडायला हव्यात.

अर्जात विशेषण लिहू नका. 'लिरिक', 'ड्रामॅटिक', 'स्पिंटो' (लिरिक आणि ड्रामॅटिकच्या मधला) ही नावं तुमच्या वयात ऐकणाऱ्यांनी द्यायची असतात. जड आवाज तिशीनंतरच नीट उमलतात. दमल्यावर मिकाएला हलकी वाटली तर नुसतं 'सोप्रानो' लिहा, डोराबेल्ला वाटली तर 'मेझो-सोप्रानो', आणि सोबतच्या आरिया त्याच एका प्रकारातल्या निवडा. खरोखरच ठरत नसेल तर हा हंगाम 'डॉन जोव्हान्नी'मधल्या त्सेर्लिनासारख्या दोन्ही प्रकारांच्या गायिका गातात अशा भूमिका तयार करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा सभागृहात ऐकवा. एकाच ऑडिशनला दोन्ही प्रकारांच्या याद्या नेऊ नका. समोर बसलेले लोक त्या क्षणी आवाज ऐकायचं सोडून वर्गवारी करायला लागतात, आणि मग तुम्ही कितीही छान गायलात तरी त्यांच्या वहीत प्रश्नचिन्ह पडतं.