बायपास लावला तरी मेन फिल्टर हवाच

प्रश्न: ट्रकला रिमोट माउंट (फिल्टर इंजिनपासून लांब बसवून होजने जोडायची बैठक) आणि बायपास ऑइल फिल्टर बसवायचाय, मग मूळ फिल्टर काढून टाकला तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको हो! बायपासमधून साधारण १०% किंवा त्याहून कमीच ऑइल जातं, ते अगदी बारीक गाळून ऑइल चेंबरमध्ये परत येतं, बेअरिंगला जाणारं ऑइल मात्र मेन फिल्टरच गाळतो, त्याला हवं तर रिमोट हेडवर, म्हणजे त्या लांबच्या बैठकीवर हलवा. इंजिनवर मूळ फिल्टरच्या जागी बसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरचं इन-आउट उलटं होऊ देऊ नका. होज एक्झॉस्टपासून लांब आणि चॅसीला घासणार नाही असा क्लॅम्प करा, कळकळीने सांगतोय, प्रेशर लाइन फुटली की बघता बघता इंजिन सीज (जाम) होतं. बायपास लाइनमधला बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर काढू नका, ऑइल प्रेशर पडेल. नंतर इंजिन चालवून, लीक बघून, बंद करून डिपस्टिक तपासा, होज-फिल्टर भरायला ऑइल जास्तीचं लागतंच.