टेबल उलटं करून पाहा

प्रश्न : आमचे अण्णा नुकतेच गेले. तरुणपणी सैन्यात होते, तिथून निवृत्त झाल्यावर हात चालत होते तोवर सुतारकाम केलं. नातवंडांसाठी त्यांच्यावर दोन पानं लिहायला बसले, तर ‘कष्टाळू, शिस्तप्रिय, प्रेमळ’ यापुढे काही सुचत नाही. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांची पदकं आणि सुतारकामाची हत्यारं चकचकीत करून ठेवावीत का?
– एक वाचक

उत्तर : ताई, अडलात ते बरंच झालं. ते तीन शब्द कुणाच्याही वडिलांना चिकटवता येतात. मी उमेदीची वर्षं लाकडात घालवली, म्हणून सांगतो, अण्णांनी केलेलं एखादं टेबल उलटं करा. फळ्या जोडण्याआधी सुतार त्यांच्यावर पेन्सिलीनं मोठा त्रिकोण ओढतो, म्हणजे क्रम चुकत नाही. वरची खूण रंध्याखाली जाते. खालची पुष्कळदा राहते. ते त्यांचं अक्षरच समजा. खालची बाजू खरबरीत लागली तर नाराज होऊ नका. न दिसणारी बाजूही गुळगुळीत हवी, हा हट्ट बघणाऱ्यांचा. जुने चांगले कारागीर तो वेळ सांध्यांना देत. वरची फळी कशी बसवलीय तेही बघा. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. स्क्रूची भोकं लांबट ठेवून तिला हलायला जागा दिली असेल, तर हे आवर्जून लिहा. घाईचा माणूस ते करत नाही.

पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, आखूड झाली असेल तर तेवढं पोलाद वर्षानुवर्षं धार लावण्यात गेलंय. पात्यांना तेलाचा हात पुसा, पण मुठी पॉलिशपेपरनं घासू नका. तो गुळगुळीतपणा त्यांच्या तळव्याचा आहे. पदकांना तर पॉलिश लावूच नका. पुष्कळ पदकांच्या कडेवर नाव आणि क्रमांक असतो, घासून घासून तो पुसट होतो. भिंग घेऊन वाचा, उतरवून घ्या आणि सेवामुक्तीच्या कागदांशी ताडून बघा. पलटण, हुद्दा, तारखा तिथे मिळतील.

लढाईचं म्हणाल, तर ते जे बोलले नाहीत ते तुम्ही रचू नका. सैन्याला चालक, स्वयंपाकी, सुतारही लागतात. प्रत्येक शिपायाच्या वाट्याला गोळीबार येतोच असं नाही. ‘याबद्दल ते बोलत नसत’ एवढं एक वाक्य पुरे. बरोबरचं कुणी हयात असेल तर मात्र आजच फोन करा.

राहता राहिला घरातला माणूस. त्यासाठी आईंना विचारा, कुठलं काम ते ‘उद्या करतो’ म्हणत राहिले? सुताराच्या घरात असं एक तरी कपाट असतंच, आणि त्यावरून झालेली भांडणंही. ती गाळू नका. नातवंडं आधी तेच वाचतील.