टर्ब्युलन्स म्हणजे भोवरा नव्हे

प्रश्न असा आहे: जलटर्बाइनच्या सिम्युलेशनवर मराठीत लिहिताना 'टर्ब्युलन्स'ला 'भोवरा' म्हटलं तर चालेल का? त्यासाठीचा 'संक्षोभ' हा शब्द फार जड वाटतो.

नाही चालणार. या भोवऱ्याचा आता वीट आलाय. भोवऱ्याला आस असतो, फिरण्याची दिशा असते. टर्ब्युलन्स म्हणजे वेगातले लहानमोठे, अनियमित चढउतार. अर्ध्या भारावर रनरखाली (रनर म्हणजे टर्बाइनचं फिरणारं चाक), पाणी बाहेर नेणाऱ्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये जो पाण्याचा पीळदार दोर तयार होतो तो खरा भोवरा, आणि तो चांगलाच शिस्तीचा असतो. रनरच्या गतीच्या साधारण ०.२ ते ०.४ पट वेगाने तो घिरट्या घालतो. रनर मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला एक-दोन. त्याला टर्ब्युलन्स म्हणून मोकळं झालं की तो सांभाळायचं काम सिम्युलेशनमधल्या टर्ब्युलन्सच्या मॉडेलवर टाकलं जातं. के-एप्सिलॉन या साध्या, नेहमीच्या मॉडेलच्या हिशेबात प्रवाहाचं फिरणं आणि वळण धरलेलंच नसतं. भोवऱ्याच्या गाभ्यात ते मॉडेल एडी श्यानता (टर्ब्युलन्समुळे धरलेला जादा चिकटपणा) भरमसाट वाढवतं, दोर विरून जातो आणि अहवालात येतं, 'दाबाचे हेलकावे आढळले नाहीत'! एसएसटी या दुसऱ्या मॉडेलला वक्रतेची दुरुस्ती जोडा किंवा रेनॉल्ड्स ताणांचं (टर्ब्युलन्समुळे येणाऱ्या ताणांचं) मॉडेल घ्या. मेश म्हणजे प्रवाहाचे हिशेबासाठी पाडलेले बारीक सेल; त्यातल्या भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ च्या आसपास ठेवा. फिरता आणि स्थिर भाग जोडणारा मिक्सिंग प्लेन परिघावरची सरासरी काढतो, म्हणून तो काढून रनरबरोबर फिरणारी सरकती मेश लावा. टाइम स्टेप, म्हणजे हिशेबातला वेळेचा एक टप्पा, रनर साधारण एक अंश फिरेल इतकाच, म्हणजे ३०० फेऱ्यांना ०.०००५६ सेकंद.

आता 'संक्षोभ'. 'क्षोभ म्हणजे राग, पाण्याला कसला आलाय राग?' हा विनोद करणाऱ्यांनी पाणिनीच्या व्याकरणातलं ७.२.१८ हे सूत्र उघडून पाहावं. 'क्षुब्ध' हे रूप त्याने 'मन्थ' या एका अर्थासाठी राखून ठेवलंय; एरवी 'क्षुभित'. म्हणजे राग नंतरचा, घुसळण आधीची! सिद्धान्तकौमुदी, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरचा ग्रंथ, 'मन्थ'चा एक अर्थ सांगते पातळ पदार्थात कालवलेलं सातूचं पीठ. मला हे पीठ पचत नाही. कोशांत 'क्षुब्ध'चा एक अर्थ रवी असाही आहे, आणि माझा कौल रवीलाच. द्रवात उभा दांडा, त्याला गरगर फिरणारी पाती: अहो, हा टर्बाइनचा फिरता भाग, रोटरच झाला! बरं, पीठच धरलं तरी बिघडत नाही. गुठळ्या मोडून ते एकजीव होतं तेही घुसळल्यानेच, आणि मिसळण वाढवणं हेच तर टर्ब्युलन्सचं मुख्य काम.

भोवरा वापरायचाच असेल तर टर्बाइनला द्या. १८२२ मध्ये क्लोद बुर्दँने तो शब्द लॅटिन 'टुर्बो'वरून घडवला, आणि 'टुर्बो' म्हणजे खेळण्यातला भोवरा, तसंच वावटळही. टर्ब्युलन्स आला 'टुर्बा'वरून: गर्दी, गोंधळ. घराणं एकच, पण भावंडांची नावं अदलाबदल करू नयेत.

आणि लिहिताना 'संक्षुब्ध प्रवाह' लिहा, 'संक्षोभित' नको.